न वाजलेली शेवटची घंटा

१

पाच वाजले, घंटाकाकांनी नेहमीसारखा दोर ओढला आणि घंटा वाजलीच नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. वर माळ्यावर घंटा हलल्याची करकर ऐकू आली, पण टोल काही पडेना. काका जिना चढून वर गेले आणि खाली आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "घंटा जागेवर आहे," ते म्हणाले. "आतला लोलकच कुणीतरी काढून नेलाय."

मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण शहरात ज्याने त्याने ते मला इतक्यांदा ऐकवलंय की आता मी तिथेच उभा होतो असं वाटायला लागलंय.

तो दिवस निवडीचा होता. सरकारने शाळानिवड शिष्यवृत्ती काढली होती. मुलाच्या शिक्षणाचा पैसा थेट शाळेला न देता कुटुंबाच्या नावावर ठेवायचा आणि कुटुंबाने हवी ती शाळा निवडायची, मग ती सरकारी असो की खासगी. ज्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांच्या आईने किंवा बापाने ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन यायचं आणि नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभं राहून शाळेचं नाव तोंडाने सांगायचं. आले नाहीत तर शिष्यवृत्ती परत खजिन्यात. सभागृह मोठं म्हणून हा सगळा कार्यक्रम ठेवला होता टेकडीखालच्या सरकारी शाळेत. म्हणजे ज्या घरातून निघून जायचं, त्याच घराच्या ओसरीवर बसून तसं सांगायचं! मुदत होती शाळेची शेवटची घंटा होईपर्यंत. नियमात तसेच शब्द होते. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, घड्याळं पुढेमागे होतात, शाळेची घंटा होत नाही.

नोंदणी अधिकारी हा कडक इस्त्रीतला तरुण गृहस्थ. पोरांनी सकाळीच त्याचं नाव नियमसाहेब ठेवलं होतं. तो खुर्चीवरून हलला नाही. "घंटा झाली नाही, म्हणजे मुदत संपली नाही," तो म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

मग काय, सभागृहात रण माजलं. योजनेच्या बाजूचे ओरडले, विरोधकांनीच दिवस उधळायला हा उद्योग केला. विरोधक ओरडले, सरकारी शाळेची जीभ कापून नेली, आता शाळा तेवढी विकायची राहिली. पोलीस आले, पंचनामा झाला, तासाभराच्या वर वेळ गेला. शेवटी काकांनी माळ्यावर जाऊन हातोड्याने घंटा ठोकली आणि नियमसाहेब उठले.

त्या मधल्या वेळात एकच कुटुंब आलं. धुळीने माखलेला एक ट्रकचालक धापा टाकत आत शिरला, मुलीचा हात धरला आणि टेकडीवरच्या खासगी शाळेचं नाव सांगितलं. मुलगी आठ-नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. एका जागी ठरत नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणायचे. टेकडीवरच्या शाळेत खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई होत्या, अख्ख्या शहरात तेवढ्या एकच.

दोन्हीकडून तक्रारी गेल्या. खात्याने हुकूम काढला: शुक्रवारपर्यंत चोर शोधा. लोलक एखाद्या लाभार्थी कुटुंबाने किंवा त्यांच्या सांगण्यावरून कुणी काढला असेल, तर पाचनंतरची निवड रद्द समजा.

पाचनंतरची निवड म्हणजे भिंगरी. आणि ही चौकशी आली आमच्या हिच्याकडे.

२

आमची ही शिक्षण खात्यात चौकशी अधिकारी आहे. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो, त्याच सुमाराला खात्याची गाडी दुरुस्तीला गेली, ती अजून आलेली नाही. तेव्हापासून मी चालक आहे, बिनपगारी. खात्यात हिला टाचणी म्हणतात. घरात मी म्हणत नाही. टोचून घ्यायची मला हौस नाही.

"माझं मत विचारशील तर..." मी गाडी वळवताना म्हणालो.

"विचारलं नाही."

"तरी सांगतो. बापाला पोराची शाळा निवडता येऊ नये, हा कुठला न्याय? आपण भाजी घेतानासुद्धा चार गाड्या बघतो."

"भाजीची गाडी चालली नाही, तर उरलेली भाजी भाजीवाला घरी नेतो. शाळा चालली नाही, तर उरलेली पोरं कोण घरी नेतो?"

"म्हणजे तू योजनेच्या विरोधात?"

"मी गाडीत आहे. समोर बघा, सायकल आहे."

खालची शाळा जुनी, लांबट, खिडक्यांना निळा रंग. मुख्याध्यापिकेला सगळं शहर मोठ्या बाई म्हणतं. योजनेविरुद्धच्या प्रत्येक सभेत पहिलं भाषण त्यांचं. त्यांच्या खोलीत शिरताना मी तोंडभर हसून नमस्कार करायला गेलो आणि माझा अंगठा कशावर तरी असा आपटला की नमस्काराची बोंब झाली. दार उघडं राहावं म्हणून जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड तिथे ठेवलं होतं.

"लागलं का हो?" मोठ्या बाई उठल्या. "वाऱ्याने दार आपटतं, म्हणून ठेवलंय. बसा, पाणी घ्या."

"त्यांना सवय आहे," ही म्हणाली. "घरी पलंगाला आपटतात." अंगठ्याची चौकशी तिथेच संपली आणि घंटेची सुरू झाली.

बाईंचे केस पांढरे, अंबाडा घट्ट आणि आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. योजनेचा विषय निघाला तशा त्या ताठ बसल्या. "पैसा मुलामागे जातो म्हणतात. जाऊ दे! पण मागे राहिलेल्या मुलांमागे कोण जातं, ते सांगा. वर्गात दहा पोरं कमी झाली म्हणून छप्पर कमी गळत नाही. ज्यांचे आईबाप धावपळ करू शकतात ती जातात. ज्यांचे करू शकत नाहीत, ती माझ्याकडे राहतात. त्यांना मी काय सांगू?"

मी पाणी पिऊन घेतलं. गाडीत असतो तर उत्तर दिलं असतं.

"आणि भिंगरी?" हिने विचारलं.

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "हुशार पोर. ओठांवरून निम्मं ओळखते आणि उरलेलं स्वतःच रचते. खुणांची शिक्षिका द्या म्हणून मी खात्याला दर वर्षी विनवतेय."

"मग?"

"खातं तुमचं. तुम्हीच सांगा."

हिने मान खाली घातली. आमच्या लग्नानंतर हा प्रकार क्वचितच घडलाय.

"त्या संध्याकाळी खूप गोंधळ झाला म्हणतात," मी मध्ये पडलो.

"सभागृहात झाला असेल. माझ्या मुलांत नाही." बाईंच्या आवाजात अभिमान होता. "पाचाच्या ठोक्याला सगळे वर्ग रांगेने बाहेर पडले. घंटा गेली म्हणून शिस्त जात नाही. आणि वरही मी कुणाला फिरकू दिलं नाही. सांगून टाकलं, पोलीस येईपर्यंत माळ्यावर पाऊल टाकायचं नाही, पुराव्याला हात लागायला नको."

"बरोबर केलंत," ही म्हणाली.

मग आम्ही माळ्यावर गेलो. ही पुढे, मी लंगडत मागे. घंटा पितळेची, मोठ्या हंड्याएवढी. ज्या बोल्टला लोलक अडकवतात तो शाबूत होता, वंगणाने चकचकीत. हिने त्याला बोट लावून वास घेतला आणि चष्मा वर सरकवून जवळून बघितलं.

"काय दिसतंय?"

"नट. लोलक काढल्यावर नट परत बोल्टवर फिरवून बसवलाय, घट्ट. चोरी करणारा माणूस एवढं कशाला करेल?"

"व्यवस्थित असेल."

"हरवू नये म्हणून बसवलाय," ही म्हणाली. "अहो, या चोराला लोलक परत आणून लावायचाय."

३

पहिला संशय माझा, घंटाकाकांवर. दोर त्यांच्या हातात, माळ्याची किल्ली त्यांच्या खिळ्यावर. त्यात कळलं की त्यांचा नातू गेल्याच वर्षी ही शिष्यवृत्ती घेऊन टेकडीवर गेलाय. मी हिला डोळ्यांनी खूण केली. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"हो, जातो नातू," काका म्हणाले. "बाई त्यावरून माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. पण त्याच्या वाढदिवसाला पेन पाठवलं हो, शाईचं."

"घंटा शेवटची कधी वाजली?"

"मधली सुट्टी संपताना. खणखणीत वाजली. नंतर मी सभागृहातच होतो, रांग लावायला, पाणी द्यायला. जागचं हलायला फुरसत नव्हती. पाच वाजले तेव्हा उठलो, दोर ओढला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे."

"किल्ली?"

"कचेरीत खिळ्याला. कुणीही घ्यावी."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सापडला."

"कोण? काका?" ही हसली. "अहो, घंटा वाजवणाऱ्याने घंटा कशाला मुकी करायची? त्यांना ती वाजू द्यायची नसती तर जिन्यात पाय मुरगळला म्हणाले असते. अर्धा तास आरामात गेला असता आणि लोकांनी वर तेल चोळलं असतं."

मी काकांचं नाव मनातल्या मनात खोडलं आणि गाडी टेकडीकडे घेतली.

टेकडीवरच्या शाळेचे संचालक बारा महिने टाय लावतात, म्हणून टायवाले सर. खोली चकाचक, टेबलावर बोटाचा ठसा नाही. मला वाटलं होतं माणूस गुळगुळीत निघणार. तसा तो होताही, पण योजनेबद्दल बोलायला लागला आणि टाय सैल केला.

"बाई मला व्यापारी म्हणतात. म्हणू देत. मी गळक्या वर्गात शिकलोय. बाकावर पाणी ठिबकायचं, आम्ही वही पोटाशी धरून लिहायचो. माझ्या आईला कुणी कधी विचारलं नाही, तुला पोरासाठी कुठली शाळा हवी. आज या आयांना कुणीतरी विचारतंय. त्यात माझा फायदा आहे, मान्य. पण विचारतंय तरी."

"घंटेचं काय?"

"मला ती वेळेवर वाजायला हवी होती. माझी सगळी कुटुंबं दुपारच्या आत उरकली होती. दिवस स्वच्छ संपला असता तर पुढच्या महिन्यात योजना चालू ठेवायच्या मतदानाला कुणाला बोट दाखवायला जागा उरली नसती. आता उरलीय." त्यांनी आवाज खाली आणला. "बोलायला वाईट वाटतं, पण फायदा कुणाचा झाला ते बघा. पोरीला सांभाळते ती मावशी. शिवणकाम करते, दुकान शाळेच्या भिंतीला लागून आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला कचेरीतून बाहेर पडताना पाहिलं."

कचेरीत, म्हणजे किल्लीच्या खिळ्यापाशी. हिचा चालायचा वेग वाढला.

मावशीच्या दुकानाच्या दारात भिंगरी बसली होती. आम्हाला बघून ती उठली, हसली आणि एक गिरकी घेतली. तिच्या मनगटाला हिरवा रुमाल बांधलेला होता. हिने वाकून तिचा हात हातात घेतला.

रुमालावर काळे डाग होते. हिने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माळ्यावरच्या बोल्टला होतं, तेच वंगण.

४

मावशी घाईघाईने शिवणयंत्रामागून उठली. "साहेब, आम्ही काही केलेलं नाही. मधली सुट्टी संपल्यापासून मी हिला घेऊन सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांनी बघितलंय."

"बसा," ही म्हणाली. "मी ओरडणारी बाई नाही. विचारा यांना."

मी शिवणयंत्र निरखायला लागलो.

मावशीने सांगितलं ते असं. भिंगरीची आई ती अगदी लहान असतानाच गेली. बाप ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. निवडीला आई किंवा बापच लागतो, मावशी चालत नाही. तो आदल्या दिवशी पोचणार होता, पण वाटेत पूल खचला आणि ट्रकांची रांग लागली. त्या आदल्या संध्याकाळीच त्याचा फोन आला की दुसऱ्या रस्त्याने वळसा घालतोय, उद्या पाचपर्यंत जमेल असं दिसत नाही.

"मी नोंदणीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, नियम आहे. मग मी मोठ्या बाईंकडे पळत गेले. रडले हो त्यांच्यापुढे. म्हटलं, या पोरीने आजवर कुणाशी धड भांडणसुद्धा केलेलं नाही, कारण कुणाला तिचं कळतच नाही. तिला शब्द मिळू दे. तुमचं वजन आहे, साहेबांना सांगा. तर म्हणाल्या, मी विचारून पाहीन, पण नियम तो नियम. आणि मी उंबऱ्यापर्यंत गेले, तर मागून हाक मारतात. मला वाटलं काही मार्ग सुचला. तर म्हणे, तुझ्याकडे हिरवं कापड शिल्लक आहे का?"

"हिरवं कापड?"

"हिच्या वर्गासाठी मी पूर्वी एक रुमाल शिवून दिला होता. घंटा झाली की वर्गातल्या बाई तो हलवतात, हिला कळावं म्हणून. तर आता म्हणे प्रत्येक वर्गाला एकेक हवा, आणि उद्या मधल्या सुट्टीच्या आत. इथे माझा जीव चाललेला आणि बाईंना रुमालांची पडलेली!" मावशीने डोळे पुसले. "रात्री शिवले. सुट्टीत कचेरीत नेऊन दिले. रागाने तोंडावर टाकावेत असं वाटत होतं."

हिचा हात लिहिता लिहिता थांबला होता.

"आणि हा, मनगटावरचा?"

"हा जुना. तो बाईंच्या टेबलावर पडला होता. संध्याकाळी त्यांनीच हिला परत दिला, तो असा मळवून. बाप आल्याच्या आनंदात मी काही विचारलं नाही."

"तुम्ही सुट्टीत गेलात, त्यानंतर घंटा झाली ना?"

"झाली की. मी फाटकात असतानाच झाली."

ही उठली. भिंगरीच्या गालाला हात लावून तडक गाडीत येऊन बसली. मी गाडी सुरू केली तर बाईसाहेब एकट्याच हसतायत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"चोर सापडला वाटतं?"

"चोर नंतर. लोलक आधी सापडला," ही डोळे पुसत म्हणाली. "आणि तो तुम्ही शोधलात."

"मी?"

"तुमच्या अंगठ्याने."

५

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. नियमसाहेब, टायवाले सर, घंटाकाका, मावशी. मी यावेळी दारातून जपून आत आलो.

"कुणीतरी शाळेवरच्या रागाने हे केलं, असं दोन्ही बाजू म्हणतात," हिने सुरुवात केली. "पण रागावलेला माणूस नट परत बसवत नाही. याला घंटा मोडायची नव्हती, फक्त पाच वाजता वाजू द्यायची नव्हती. कारण ती वाजली की मुदत संपते. तेव्हा हे एका मुलीसाठी केलंय, हे उघड आहे."

मावशी उठून उभी राहिली. हिने तिला हाताने बसवलं.

"मावशी सभागृहात होती, बाप रस्त्यात होता. काका वाजवणारे, त्यांना एवढा खटाटोप लागलाच नसता. सरांना दिवस वेळेवर संपायला हवा होता. मग उरलं कोण? पाच वाजता शाळेत घंटा झाली नाही. सभागृहातली मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. आणि पोरं? पोरं शिस्तीत रांगेने बाहेर पडली. त्यांना कुणी सांगितलं शाळा सुटली?"

"रुमाल दाखवला की वर्गावर्गात," काका म्हणाले. "बाईंनी सुट्टीतच वाटले होते. पाच वाजता हलवा म्हणाल्या."

"सुट्टीत," ही म्हणाली. "तेव्हा घंटा धडधाकट होती. सुट्टी संपताना ती सगळ्यांनी ऐकली. मग पाच वाजता रुमाल लागणार, हे सुट्टीत कुणाला ठाऊक असणार? घंटा मुकी करायला निघालेली, पण पोरं ताटकळू नयेत म्हणून आधी त्यांची सोय करून ठेवणारी चोर. अशी चोर मुख्याध्यापिकाच असू शकते."

ही उठली, दाराजवळ वाकली, फडक्यातली ती जड वस्तू दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. लोलक होता.

"दार वाऱ्याने आपटतं हे मात्र खरं आहे," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

"बाई!" काकांचा आवाज फुटला. "मला सांगायचं ना! मी उशिरा ओढला असता दोर."

"आणि तुमच्या नोकरीवर आलं असतं. म्हणून नाही सांगितलं." त्या नियमसाहेबांकडे वळल्या. "मी तुम्हाला आधी सरळ विचारलं होतं. बाप पुलापाशी अडकलाय, तासभर थांबाल का? तुम्ही म्हणालात, शेवटची घंटा म्हणजे शेवटची घंटा. मग मला नियमातच बसून काहीतरी करणं भाग होतं."

नियमसाहेबांचे कान लाल झाले. इस्त्री मात्र मोडली नाही.

टायवाले सरांनी लोलकावरून नजर उचलली. "पण तुम्ही? तुम्ही तर सभांमधून मला सोलून काढता. तुमच्याच शाळेतली मुलगी माझ्याकडे यावी म्हणून तुम्ही..."

"मी तुमच्या योजनेच्या विरोधात आहे, सर. पुढच्या महिन्यात मतदानाच्या वेळी पुन्हा बोलणार आहे, आजच सांगून ठेवते." बाईंचा आवाज पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत पोचला नाही. "पण त्या पोरीच्या विरोधात मी कशी असेन? तिला जे हवंय ते माझ्याकडे नाही. असतं तर तिला दारातसुद्धा जाऊ दिलं नसतं."

मावशी रडत होती. "आणि मी तुम्हाला मनात काय काय म्हटलं हो, बाई..."

"म्हण की. रुमाल मात्र सुरेख शिवलेस."

आता प्रश्न उरला निकालाचा. तो उलटा लागला तर भिंगरीची शाळा जाणार होती. ही खुर्चीत बसली आणि तिने चष्मा पुसला.

"हुकूम असा आहे की लाभार्थी कुटुंबाने किंवा त्यांच्या सांगण्यावरून कुणी लोलक काढला असेल तरच निवड रद्द. कुटुंबाने काढला नाही आणि काढायला सांगितलाही नाही. मावशीने साहेबांशी बोलायला सांगितलं होतं, बाई बोलल्या, तिथे तो विषय संपला. पुढचं बाईंनी आपल्या मनाने केलं आणि कुटुंबाला कळूही दिलं नाही. शेवटची घंटा झाली ती हातोड्याने, आणि बाप त्याआधी आला. निवड कायम."

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही मुदतीशी खेळलात आणि पोलिसांना तासभर माळ्यावर राबवलंत. तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. मीच देणार आहे, आणि चांगली कडक."

"द्या. चौकट करून भिंतीवर लावते. खात्याकडून मला आलेलं पहिलं उत्तर असेल ते."

यावर नियमसाहेबसुद्धा हसले. मग बाईंनी सरांकडे मोर्चा वळवला, हसण्याची लाट ओसरायच्या आत, कसलेल्या दुकानदारासारखा.

"सर, पैसा मुलामागे जातो म्हणता ना? मग तुमच्या खुणांच्या बाईंना आठवड्यातून एकदा खाली पाठवा, मुलांमागे. भिंगरीच्या वर्गातली पोरं तिच्याशी बोलायला शिकतील. ती वर गेली तरी घर तिचं इथेच आहे. आणि पुढच्या वर्षी तिच्यासारखी एखादी आली, तर मला पुन्हा माळा चढायला लावू नका. गुडघे दुखतात."

टायवाले सरांनी टाय सैल केला. "शनिवारी चालेल?"

"चालेल. चहा आमचा."

परतीच्या वाटेवर मी हिला म्हणालो, "शेवटी तू कुणाच्या बाजूची, ते कळलंच नाही."

"दोघंही खरं बोलतायत, हीच तर पंचाईत आहे," ही म्हणाली. "मतदान त्यांचं त्यांना करू दे. मी सोमवारी आपल्या खात्यात जाऊन विचारणार आहे, त्या बाईंचे इतक्या वर्षांचे अर्ज कुणाच्या बुडाखाली आहेत ते." टाचणी कुणाला टोचणार आहे, ते मला दिसलं आणि त्या माणसाची मला खरंच दया आली.

६

भिंगरीच्या खालच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं. ट्रक फाटकाबाहेर उभा होता, धुतलेला. बाप मावशीशेजारी दोन्ही हात बांधून उभा होता आणि त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

लोलक परत बसला होता. पाच वाजता काकांनी दोर भिंगरीच्या हातात दिला. तिने तो त्यांच्याकडेच परत केला, भिंतीपाशी गेली आणि दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभी राहिली. काकांनी दोर ओढला. घंटा वाजली, इतकी खणखणीत की छपरावरची पाखरं उडाली. भिंतीला हात लावलेली भिंगरी हसायला लागली, कारण घंटा तिच्यापर्यंत भिंतीतून पोचत होती.

घंटा थांबली. एरवी या क्षणी पोरांचा लोंढा फाटकाकडे सुटतो. पण एकही वर्ग हलला नाही. दारादारांत रांगा उभ्या होत्या आणि सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

भिंगरीच्या ते जरा उशिरा लक्षात आलं. तिने मनगटावरचा रुमाल सोडला, वंगणाचे डाग अजून तसेच होते, आणि हात उंच करून तो हलवला.

तेव्हा कुठे शाळा सुटली.